पिचरची बायको

आठवडाभर हिरोसे कुनिओ खाणीच्या दिवाघरात बसून कामगारांना दिवे वाटायचा आणि रविवारी कुरोकीची बायको व्हायचा. आमच्या क्युशू बेटावर बेसबॉलमधल्या चेंडू झेलणाऱ्या कॅचरला चेंडू टाकणाऱ्या पिचरची बायको म्हणतात, आणि त्यात कुणाला हसू येत नाही. काम तेच असतं. गुडघे मोडून बसायचं, समोरून येईल ते झेलायचं, आणि बिघडलं तर आपलंच चुकलं म्हणायचं. त्याच्या घरच्या बायकोने, तोमीने, एकदा विचारलं होतं, "तिकडे इतकं निमूट नांदता, मग इथेच कशी जीभ चालते हो?"

कुरोकी सुरू केलेला सामना कधीच दुसऱ्याच्या हाती देत नसे. नऊच्या नऊ डाव तोच टाकायचा. खाणीच्या संघात राखीव पिचर होता, पण तो बाकड्याची राखण करायचा.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एका धावेची आघाडी होती आणि आठव्या डावात हिरोसेचा तळहात दुखायचा थांबला. कुरोकीचे चेंडू झेलून हात सुजायचा, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं. आज चेंडू शेजारणीने भाजीची वाटी द्यावी तसा हळूच हातात येत होता. कुरोकीचा खांदा गेला होता. मैदानावर हे दोघांनाच ठाऊक होतं. आणखी एक डाव टाकला तर तो खांदा परत यायचा नाही. विचारलं तर सांगायचं, असं हिरोसेने ठरवलं.

संघाचे मॅनेजर इजिचीसाहेब मैदानात आले. जमेल ना, असं त्यांनी कुरोकीला विचारलं. या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं. कुरोकीने ते दिलं. मग साहेब हिरोसेकडे वळले.

"तू सांग. चेंडू कसा येतोय?"

कुरोकी बुटाच्या टोकाने माती उकरत होता. चारचौघांत, त्याच्या तोंडावर, त्याचं उणं काढायचं म्हणजे काय, हे हिरोसेला त्या क्षणी कळलं.

"सणसणीत येतोय, साहेब."

नवव्या डावात समोरच्या तिघांनी कडकडीत फटके मारले; तिन्ही नेमके आमच्याच माणसांच्या हातात बसले. तिघे बाद, डाव संपला; सामना जिंकला.

संध्याकाळी सगळे खाणीच्या गरम हौदात उतरून गात होते. कुरोकी हौदाबाहेर पाटावर बसून राहिला. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. हिरोसेने काही न विचारता त्याची पाठ चोळली, केसांना साबण लावला.

"मला वाटलं, तू सांगशील," कुरोकी म्हणाला. "मला कसं सांगता येणार होतं?"

हिरोसेने त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि डोक्यावर पाणी ओतलं.