दशांशकाकांची वजाबाकी

दशांशकाकांनी बेसबॉलची एकही मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती. पण आजवरच्या खेळाडूंमध्ये सर्वांत थोर कोण, यावर त्यांच्याइतकं ठामपणे बोलणारा माणूस मला अमेरिकेत दुसरा भेटला नाही. टीव्हीवर मॅच लागली की ते उठून खाली बेसमेंटमध्ये जात. दुसऱ्या दिवशी पेपरात बारीक अक्षरांत आकडे छापून येत, तेवढ्यावर त्यांचं भागत असे. “डोळ्यांचा काय भरवसा?” असं ते म्हणत. “डोळ्यांना शेवटचं तेवढं आठवतं.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले, तेव्हा ते आमच्या मागच्या रस्त्यावर राहत. शिकागोतल्या एका विमा कंपनीत माणसं कोणत्या वयात मरण्याचा संभव किती, याची गणितं करणं हे त्यांचं काम. सकाळच्या गाडीला ते आणि माझा नवरा बरोबर असत. कुठलाही आकडा दशांश सोडून पूर्णांकात सांगणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून कुणीतरी त्यांना दशांशकाका म्हटलं आणि तेच नाव पडलं. पहिल्यांदा ते आणि काकू आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी हौसेने भरली वांगी केली होती. कशी झाली म्हणून विचारलं, तर म्हणाले, चांगली झालीत, पण एका जेवणावरून काही म्हणता येत नाही. मी नवी नवरी. माझं तोंड एवढंसं झालं. काकू हसून म्हणाल्या, “अगं, माझ्या हातचं इतकी वर्षं जेवतायत. माझ्याबद्दलही अजून काही म्हणता आलेलं नाही त्यांना.”

बेसबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो अजयमुळे. अजय हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो इथेच जन्मलेला. आईबापांनी मराठीत विचारावं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावं, अशी त्या घराची रीत. शाळा कशी झाली, “फाइन.” जेवलास का, “येस.” यापलीकडे बोलणं जात नसे. पोराच्या हातात मात्र सदा खेळाडूंची चित्रं असलेले पुठ्ठ्याचे पत्ते असत. एकदा काकांनी सहज एक पत्ता उलटा करून पाहिला, तर मागे त्या खेळाडूच्या सगळ्या वर्षांचे आकडे. काकांना घबाड सापडल्यासारखं झालं. “हा देश मागच्या बाजूने वाचावा लागतो, मेधा,” असं त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं.

त्या दिवसापासून बापलेक खाली गालिचावर पालथे पडून भांडू लागले. कुठल्या जुन्या डावखुऱ्याच्या काळात चेंडू मऊ होता, कुठल्या मैदानाचं कुंपण इतकं जवळ होतं की तिथे कुणीही चेंडू पलीकडे टोलवून होमरन मारावा, कुणाला सगळा जन्म चेंडू टाकणाऱ्या हलक्या पिचरांसमोर बॅटिंग करायला मिळाली. काकांचा एक ठरलेला मंत्र होता. “मैदान वजा करा, काळ वजा करा, नशीब वजा करा. उरेल तो खेळाडू.” अजयच्या लाडक्या खेळाडूंची नावं या वजाबाकीत भराभर खाली घसरत आणि तो चिडून ओरडे. काकू जिन्यावर उभ्या राहून ऐकत. त्यातलं त्यांना काही कळत नसे, पण पोरगं बापाशी बोलतंय एवढं पुरे होतं. खरं सांगायचं तर काकांनाही बेसबॉलशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलगा हवा होता, आणि तो त्या एकाच दरवाजाने आत येत होता.

गणपतीत आम्ही सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमत असू. तिथे एका वर्षी नागपूरकडचे एक डॉक्टर कुठल्याशा नामांकित खेळाडूची फार तारीफ करू लागले. मी स्वतः मैदानात बसून पाहिलाय त्याला, असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. काकांनी आरतीचं तबक खाली ठेवलं आणि डॉक्टरांच्या खेळाडूची अशी काही वजाबाकी केली की प्रसादाला सगळे जमले तरी डॉक्टरांचं तोंड उतरलेलंच. मागे उभा असलेला अजय बापाकडे असा बघत होता, की तेवढ्या एका नजरेसाठी कुठल्याही बापाने सगळं ओवाळून टाकावं. ती नजर मला अजून दिसते. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

हायस्कूलच्या टीममध्ये अजय चांगला खेळू लागला. शेवटच्या वर्षी तर कोच घरी येऊन सांगून गेला की परगावच्या एका लहानशा कॉलेजची टीम त्याला घ्यायला तयार आहे. इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडून तिकडे जावं का, हा प्रश्न होता. मराठी घरात याचं उत्तर कोणीही झोपेत देईल. पण अजयने परवानगी मागितली नाही. तो खाली जाऊन बापाला म्हणाला, “डू मी, बाबा.” म्हणजे त्या सगळ्या थोरांना जसं मोजलंत, तसं मला मोजा.

काकांना तो केवढा मान वाटला होता, हे काकूंनी मला सांगितलं. बरेच दिवस ते गाडीतही कुणाशी बोलत नव्हते. शाळेच्या मैदानाचं कुंपण जवळ होतं, ते त्यांनी वजा केलं. समोरचे पिचर कच्चे होते, तेही वजा केले. नशीब वजा केलं. मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर, चांगलं काम झाल्याच्या समाधानाने, त्यांनी निकाल सांगितला. कॉलेजच्या पातळीवर अजय सामान्य ठरेल, आणि सामान्यांतही खालच्या बाजूला.

अजय म्हणाला, “बट यू नेव्हर सॉ मी प्ले, बाबा.”

काका म्हणाले, “म्हणूनच तर ते बरोबर आहे.”

काकू सांगत की हे बोलताना त्यांचा आवाज इतका मायेचा होता! लोक तुला तोंडावर बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगतील, मी तुला खरं देतोय, असा तो आवाज. दुसरा कुठलाही बाप ओरडला असता, हात उगारला असता, आणि चार महिन्यांनी सगळं विसरलं गेलं असतं. या माणसाने आपल्याजवळ होतं ते सर्वांत चांगलं काढून मुलापुढे ठेवलं आणि त्यानेच घात झाला.

अजय इंजिनिअरिंगला गेला. बॅटला त्याने पुन्हा हात लावला नाही. नंतर नोकरीसाठी जॉर्जियात, अल्फारेटाला जाऊन राहिला. फोन येई तो आईसाठी. काकांनी रिसीव्हर घेतला की तिकडून हवापाण्याची चौकशी होई, इकडे बर्फ किती पडला ते सांगितलं जाई आणि रिसीव्हर पुन्हा काकूंच्या हातात येई. काकांनी एकदोनदा बेसबॉलचा विषय काढून पाहिला. तिकडून “आय डोंट फॉलो इट एनीमोअर” एवढंच आलं.

त्यानंतर काकांनी थोर खेळाडूंचा नाद सोडला. पहिला कोण, दुसरा कोण, कुणी विचारलं तरी नुसती मान हलवत. त्यांनी एकच गणित हातात धरलं होतं, अजयचं. तेच पुन्हा पुन्हा करून ते त्यात चूक शोधत. मी एकदा न राहवून म्हटलं, काका, सोडा आता, लागला नोकरीला, छान चाललंय त्याचं. तेव्हा म्हणाले, “चूक सापडली तर फोन करता येईल गं. बरोबर असल्यावर काय म्हणून करू?”

त्याच दुपारी त्यांनी ते कागद माझ्यापुढे सरकवले. गणितात मी कायम काठावर पास झालेली. तरी म्हणाले, तू बघ, नव्या डोळ्यांना काही दिसेल. मला काही कळत नव्हतं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे चुकलंय का हो? त्यांनी चष्मा वर केला, कागद खिडकीशी नेला. क्षणभर त्यांचा चेहरा इतका उजळला की मलाही खरंच वाटलं, सापडली. मग ते हळूच परत येऊन बसले आणि मलाच धीर द्यावा तसं म्हणाले, “नाही गं. ते बरोबर आहे.”

पुढच्या वसंतात थंडी पुरती सरायच्या आतच ते घडीची खुर्ची घेऊन हायस्कूलच्या मैदानावर जाऊ लागले. तारेच्या जाळीमागे टोपी घालून बसत. जवळ कागद नाही, पेन्सिल नाही. एकदा मी थर्मासमधून चहा घेऊन गेले. एका मुलाने जोरात चेंडू मारला, तसे काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि चेंडू पडेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. मी विचारलं, चांगला खेळतो का हा? म्हणाले, “कोण जाणे. मी नुसता बघतोय.” चहा निवून गेला तरी त्यांनी तो घेतला नाही.

त्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. अजय आला, सगळं नीट केलं, आईला धरून बसला. लोक पांगल्यावर तो गॅरेज आवरत होता आणि मी दारात उभी होते. ती खुर्ची त्याच्या हाताला लागली. तिच्या पायांना लाल माती वाळून चिकटलेली होती. ही माती घराच्या अंगणातली नाही, हे त्याला विचारावं लागलं नाही. ती अंगाला लावून तो वाढला होता. तरी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बाबा मॅच बघायला जात होते तुझ्या शाळेच्या मैदानावर, शेवटपर्यंत बसायचे.

त्याने खुर्ची उघडून जमिनीवर ठेवली. मग त्याने विचारलं, “हू वॉज प्लेइंग?”

मी म्हटलं, “माहीत नाही रे. आपलं कुणीच नव्हतं.”

त्याने नखाने थोडी माती खरवडली, खुर्ची मिटली आणि होती तिथे परत ठेवली.