तिन्ही एका रेषेत आले तर?

"आणि तिन्ही एका रेषेत आले तर?" चष्मा कपाळावर ढकलून मॅडमनी एवढं विचारलं, की फळ्याशी उभ्या विद्यार्थ्याच्या हातातला मार्कर जागीच थांबायचा. नवीन पनवेलच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात या प्रश्नापुढे हात टेकले नाहीत असा विद्यार्थी सापडणार नाही.

मी शिकवते त्याच विभागात मॅडम संगणकीय भूमिती शिकवायच्या. म्हणजे ठिपके, रेषा, आकार यांचे हिशोब संगणकाकडून करून घ्यायचे. तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो, हे आपण शाळेत शिकलो. पण तिन्ही एकाच रेषेत असले तर त्रिकोण होतच नाही, आणि हिशोबाची भलीभली रीत तिथे आडवी होते. मॅडमचं लक्ष नेमकं तिथे. स्टाफरूममध्ये तीन कप सरळ ओळीत दिसले तरी त्या एखादा सरकवून ठेवायच्या.

वरून शांत आणि आत एकच निखारा जपणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडमचा निखारा म्हणजे त्यांचे पीएचडीचे गाइड. आईच्या आजारपणात मॅडम उरणकडच्या आपल्या गावी गेल्या होत्या. तेवढ्यात या सरांनी त्यांच्या प्रबंधातलं एक प्रकरण स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापून टाकलं. ठिपक्यांमधून त्रिकोणांची जाळी विणायची ती रीत आज सरांच्याच नावाने ओळखली जाते.

"भाकरी तव्यावर होती गं," मॅडम मला म्हणाल्या होत्या. "एकच बाजू भाजलेली. तशीच उचलली त्याने." दुसरी बाजू म्हणजे हेच एका रेषेतले ठिपके. त्यांचं उत्तर तेव्हा मॅडमच्या डोक्यातच होतं, कागदावर आलंच नव्हतं.

"मग आता छापा ना ते," मी म्हटलं.

"छापलं, तर खाली लिहावं लागेल की मूळ रीत सरांची. ते मी माझ्या हाताने लिहू?"

मी त्या माणसाला पाहिलंही नव्हतं, पण त्या दिवसापासून मला त्याचा मनापासून तिटकारा आला.

पुढे आमच्या कॉलेजात या विषयाची परिषद भरली. मॅडम निमंत्रक. प्रमुख वक्ता म्हणून त्यांनी सरांचंच नाव सुचवलं, तेव्हा मी बघतच राहिले. सर आले, तर मॅडमनी त्यांना शाल पांघरली, हातात नारळ दिला, वर वाकून नमस्कारही केला. माझ्या बाजूला येऊन बसल्या आणि पुटपुटल्या, "आज नाय सोडत." चिडल्या की गावची बोली अशी जिभेवर यायची.

सरांचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. मॅडमनी माइक घेतला, चष्मा कपाळावर ढकलला.

"एक शंका आहे, सर. तिन्ही एका रेषेत आले तर?"

सर हसले. "प्रत्यक्षात असं सहसा होत नाही, मॅडम."

"ज्या रस्त्याने आपण पनवेलला आलात, त्यावरचे दिव्याचे खांब एका रेषेतच आहेत, सर."

सभागृहात हशा पिकला. सर म्हणाले, "चहाच्या वेळी बोलू."

"चहाला अवकाश आहे," मॅडम म्हणाल्या. अध्यक्षांनाही कुतूहल वाटलं असावं, त्यांनी सरांना फळाच दाखवला. सरांनी ठिपके काढले, रेषा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. त्रिकोण काही होईना. पाठीवरून शाल घसरत होती. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी सर माइकवर म्हणाले, "खरं म्हणजे ही सगळी रीत माझ्या एका विद्यार्थिनीने बसवली होती. तिच्याकडूनच हे राहिलेलं दिसतंय."

मॅडमचा आवाज अगदी मऊ झाला. "तिचं नाव काय, सर?"

सरांनी शाल सावरली. अध्यक्षही मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागले. मग सरांनी नाव घेतलं. इतकी वर्षं श्रेय देताना जे आठवलं नव्हतं, ते चूक गळ्यात मारताना बरोबर आठवलं.

"हो, मीच ती," मॅडम म्हणाल्या. पुढे झाल्या, सरांच्या हातातला मार्कर काढून घेतला आणि उरलेली बाजू भाजून दाखवली. भर सभेत, स्वतःच्या नावाने.

गडबडीत सर नारळ टेबलावरच विसरले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी डबाभर वड्या आणल्या. "घ्या, सरांकडून," असं प्रत्येकाला सांगत त्या हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. दुखणं फार चाललं नाही. शोकसभा त्याच सभागृहात झाली आणि आलेले निरोप वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्यात सरांचाही होता: 'माझ्या मार्गदर्शनाखाली घडलेली माझी गुणी विद्यार्थिनी.' मॅडम आता उठून शंका विचारणार नाहीत, हे ओळखूनच पाठवलेला. मी बाकीचे सगळे निरोप वाचले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "माझा निरोप वाचलात ना?"

"नाही, सर."

"का बरं?"

स्टाफरूममध्ये माझ्यासमोर तीन कप सरळ ओळीत होते. मधला मी बाजूला सरकवला.

"चहाच्या वेळी बोलू, सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.