समालख्याच्या अलीकडचा आवाज

दत्ता गेला त्या सकाळी सुलभावहिनींचा फोन आला. “भावोजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मी म्हणालो, “अच्छा.” चाळीस वर्षं दिल्लीत काढली की काहीही ऐकलं तरी तोंडातून हाच शब्द निघतो. मी आणखी काही बोलेन म्हणून वहिनी थोडा वेळ थांबल्या... मग त्यांनीच फोन ठेवला. त्याला आता सहा आठवडे होतील. त्या ‘अच्छा’ची लाज अजून जात नाही. पण दत्ताच्या बाबतीत नको तिथे गप्प बसण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. आधीची वेळ फार जुनी आहे, आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

आमची ओळख गणेशोत्सवातली. मी तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि मंडळाच्या आरतीला तबल्यावर बसायचो. दत्ता मयूर विहारहून यायचा. नोएडातल्या एका कारखान्यात तो इंजिनीअर होता, आणि दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून त्याचे कान गेले होते. बोललेलं त्याला कळायचं, पण बारीक, उंच आवाज अजिबात नाही. एकदा मी हातोडीने तबला लावत होतो, तर हा शेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, “नंदू, तुला हे इतकं बारीक ऐकू येतं? मग यार, तू माझ्या गाडीत बस.”

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. सगळ्यांकडे नव्या गाड्या येत होत्या, नोएडात रोज नवीन सेक्टर उगवत होते. दत्ताने मात्र जास्त ताकद मिळावी म्हणून आपली छोटी तीन सिलिंडरची गाडी उघडली, इंजिनाचं हेड घासून घेतलं आणि कश्मीरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आणून तिला बसवला. बसवणं सोपं होतं, पण अशा इंजिनाला किती पेट्रोल आणि किती हवा द्यायची, हे सांगणारा माणूस अख्ख्या दिल्लीत त्याला सापडेना. जो मिस्त्री भेटेल तो म्हणे, “साहब, कंपनी वाला ही लगा लो.” शेवटी पुण्यातले एक म्हातारे मिस्त्री मिळाले, शर्यतीच्या गाड्यांवर हयात घालवलेले. ते दिल्लीला येणार नव्हते आणि गाडी पुण्याला जाणार नव्हती, तेव्हा कारभार टपालाने सुरू झाला. दत्ता हायवेवर गाडी पूर्ण पळवायचा, त्याच वेगात इंजिन बंद करून कडेला आणायचा, तिन्ही स्पार्क प्लग काढायचा आणि कापसात गुंडाळून, दाढीच्या साबणाच्या डबीत घालून पुण्याला रजिस्टर करायचा. मिस्त्री प्लगचा रंग बघून पोस्टकार्ड लिहायचे. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असेल तर बरोबर. कधी पाकिटातून पितळेचा जेटही यायचा, ज्याच्या भोकातून पेट्रोल जातं तो एवढासा तुकडा. आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ असायची: आवाज येतो का ते कळवा, प्लग सगळं सांगत नाही.

तो आवाज ऐकणं हे माझं काम. पेट्रोल कमी पडून इंजिन आतून ठोकायला लागलं की डब्यात वाटाणे हलवल्यासारखा खडखडाट येतो. तो येत असताना गाडी दामटली तर पिस्टन जळतो. दत्ताला तो ऐकूच यायचा नाही. म्हणून दर रविवारी आम्ही पानिपतच्या रस्त्याला लागायचो, मी मांडीवर वही घेऊन शेजारी, आणि दर थोड्या वेळाने तो विचारायचा, “बोल नंदू.” मी “येतोय” म्हटलं की तो मुकाट्याने गाडी वळवायचा. असे तीन रविवार गेले. मंडळात लोक हसायला लागले, गाडीचं पानिपत होणार म्हणून. दत्ताने मात्र नोएडात एक गाळा बघून ठेवला होता. दिल्लीतल्या कुणाला पुन्हा पुण्याला प्लग पाठवावे लागू नयेत, असं वर्कशॉप त्याला काढायचं होतं. गाडी एकदा पानिपतपर्यंत धडपणे पोचली की सोमवारी राजीनामा. तो टाईप करून खिशात तयार होता.

चौथ्या रविवारी वहिनीही आल्या, मागच्या सीटवर तिळगुळाचा डबा घेऊन. संक्रांत होती आणि पानिपतला जायचंच होतं. सोनीपत मागे पडलं. दत्ता हसत होता, वहिनींना स्पीडोमीटरचा काटा दाखवत होता. गनौरच्या पुढे मला तो आवाज आला. आधी बारीक, मग स्पष्ट. “बोल नंदू.” मी मागे पाहिलं. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या, इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी थंडीने आखडलो होतो, दर रविवारी नन्नाचा पाढा लावून मलाही कंटाळा आला होता. थोडंच तर राहिलंय, असं मनात आलं. मी म्हणालो, “बिल्कुल नाही. चल.” आणि वहीतही तसंच लिहिलं.

समालख्याच्या अलीकडे इंजिन फट्‌ करून बसलं आणि मागे निळा धूर झाला. एका ट्रॅक्टरवाल्याने दोरी बांधून ढाब्यापर्यंत ओढून नेलं. बॉनेटमध्ये डोकावून तो म्हणाला, “बाऊजी, इंजन तो गया.” दत्ताने प्लग काढला, त्याच्या टोकावर जळलेल्या पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे मणी होते. त्याने मला विचारलं, “नंदू, काहीच ऐकू आलं नव्हतं?” मी म्हणालो, “नाही रे.” तिथेच उभं राहून त्याने राजीनामा फाडला. “आवाज न येता जळलं म्हणजे हात माझाच चुकला. लोकांच्या गाड्यांना कुठल्या तोंडाने हात लावणार?” तिळगुळाचा डबा कुणी उघडलाच नाही.

मिस्त्रींना त्याने सगळं लिहिलं. त्यांचं कार्ड त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं: आवाज आल्याशिवाय पिस्टनला भोक पडत नाही. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहाचा कप उचलला. त्याने इंजिन दुरुस्त करून गाडीला जुना कार्बोरेटर लावला आणि कारखान्यातल्या त्याच यंत्रांपाशी उभा राहून तो निवृत्त झाला. शेवटी शेवटी तर त्याला समोरचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. आमची दोस्ती तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

गेल्या आठवड्यात मी मयूर विहारला गेलो. वहिनींनी कपाटातून ती वही काढून दिली. “सगळीकडे तुमचंच नाव आहे, तुम्हीच ठेवा.” तारीख, जेट, प्लगचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरात आवाज. शेवटच्या पानावर ‘आवाज नाही – नंदू’. त्याच्या खाली दत्ताच्या अक्षरात, वेगळ्या शाईने, एक ओळ होती: ‘आला असणार. त्याला विचारायचं नाही.’

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी वही उघडी ठेवूनच बसलो होतो. त्यांनी विचारलं, “काय झालं, भावोजी?” मी त्यांना समोर बसायला सांगितलं, आणि म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी आवाज येत होता.”