भिंतीलगतची झीज

देवरामतात्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं छापील ताव तपासलेले, त्यामुळे निवृत्तीनंतरही डोळे गप्प बसेनात. ताटातल्या पोळीवरचा डागसुद्धा ते बोट ठेवून दाखवत आणि सून मुकाट्याने दुसरी वाढे. वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांमधलं प्लॅस्टिकचं कार्पेट दर पाच वर्षांनी बदलायचं, हा त्यांचा नियम. यंदा पाच वर्षं भरली, तसे तात्या मोजायची टेप घेऊन जिना चढले.

दार भाडेकरू भाग्यश्रीने उघडलं. तिची आई, कलाबाई, कॉटवर बसली होती. गेल्या वर्षी कलाबाईंच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या.

भिंतीलगतचे ओरखडे बघून तात्यांचं डोकंच फिरलं. "कपाट ओढलंस काय गं?"

"कपाट नाय, तात्या. माझा पाय हाय तो," कलाबाई म्हणाल्या. "रोज पहाटे भिंत धरून चालते. एवढ्यात बदलू नका. नवं लय गुळगुळीत असतं. एकदा पडले तर पुन्हा उभं राहायची हिंमत नाय व्हायची."

तात्या खाली बसले आणि सवयीने बोट फिरवू लागले. कॉटपाशी ओढलेल्या पायाने नक्षी पार खरवडून निघाली होती. मधल्या दाराशी ओरखडे उथळ झाले, पुढे तुटक. स्वयंपाकघराजवळ तर ओढल्याची खूणच नव्हती, नुसती पाऊल टेकल्याची झीज. जसजशी ती पुढे पोचत गेली, तसतसा पाय उचलू लागला होता. तात्या थक्क झाले. अकरा महिने ही बाई त्यांच्या डोक्यावर चालायला शिकत होती, आणि पहाटेची ती खरखर उंदरांची समजून त्यांनी माळ्यावर पिंजरा लावला होता! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग बदलायचं कधी?" त्यांनी विचारलं. भाडेकरूला असं विचारायची ही पहिलीच वेळ.

"मी खाली येऊन सांगते."

तात्यांनी टेप गुंडाळली. खाली घरी जाऊन आधी पिंजरा काढला. मग रोज पहाटे ते अंथरुणात उठून बसत आणि कान देऊन ऐकत. खरखर कमी होत चालली होती.

संक्रांतीनंतर एका सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं. तात्या ताटावरून उठले. भाग्यश्री वरच उभी होती, तिने हात दिला नव्हता. तात्यांनीही दिला नाही. चौदा पायऱ्या उतरून कलाबाई दारात आल्या, घामाघूम.

"तात्या, बदला आता. आन् रंग मी निवडणार, दुकानात येऊन."