ओर्लाची शाळा आणि माझे गुडघे
"अगं, तळ्यातला रानतांदूळ कच्चाच झोडून यंदाचं पीक नासवलंस! ही काय शाळा?" व्हर्नन आपल्या बहिणीवर, ओर्लावर, ओरडत होता. मासळीच्या शेडमध्ये तिने आमच्या ओजिब्वे जमातीच्या पोरांसाठी शाळा काढली, त्याचं ते पहिलं वर्ष. मी बाहेर भिंतीला टेकून ऐकत होते.

"एखादं जाणतं माणूस आण ना!" तोच पुढे म्हणाला.

"जाणती एकच, नोरीन मावशी. ती म्हणते, सगळं विसरले," ओर्ला म्हणाली.

नोरीन मावशी म्हणजे मीच, आणि मी काही विसरले नव्हते. दाणा कधी पिकतो, होडीतून काठी किती हलकी मारायची, सगळं आमच्या बोलीत पाठ होतं. पण लहानपणी गोऱ्यांच्या वसतिशाळेत ती बोली बोलले म्हणून तोंडात साबण कोंबला होता. दोनच वर्षं शिकले, त्यात लाजायला तेवढं पक्कं शिकले. पोरं कच्चे दाणे झोडत होती तेव्हा मी काठावर गप्प उभी होते. दोष ओर्लाने घेतला.

पुढे ती चुकतमाकत शिकली, शाळा टिकवली. पहिला तांदूळ म्हाताऱ्यांना द्यायचा आमचा रिवाज. माझा वाटा ती दरवर्षी स्वतः आणायची आणि शिकवायला बोलवायची. एकोणीस वर्षं मी दुखऱ्या गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं.

गेल्या सप्टेंबरात, मरायच्या चार दिवस आधीही ती आली. धापा टाकत होती.

"मावशी, उद्या येतेस शाळेत?"

"गुडघे गं माझे."

"त्यांनाही आण, दोघांना खुर्च्या देते," म्हणून ती हसली. तांदूळ टेबलावर ठेवला आणि पुढच्या म्हातारीकडे निघाली.