गोदाकाठचा पाइप आणि नारळाचं पाणी

लोखंड कसं गंजतं ते बघायला कुणी सहलीला जात नाही. नव्वदच्या सुमारास मी गेलो. औरंगाबादला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या बहिणीला, शैलाताईला, गंज मोजायच्या यंत्राचं दुसरं खोकं उचलायला माणूस हवा होता.

मानवत रोडपर्यंत रेल्वे, पुढे पाथरीमार्गे सोनपेठची एसटी. बसचा भरवसा धरू नका, भाकरी बरोबर ठेवा. शेवटचा चिखलाचा रस्ता आम्ही बैलगाडीतून काढला, खोकी मांडीवर घेऊन.

गोदावरीचं पाणी रानात नेणारा गावाचा सामाईक पाइप सांध्यांवर फुटला होता. पाणी आलं तर ज्वारी, गहू. नाही तर दसऱ्यानंतर ऊसतोड.

पंप सांभाळणारे चंपतराव म्हणाले, "बाई, पाइप आतून सडलाय का तेवढं सांगा. सडला असंल तर ऊसतोडीच्या मुकादमाला हो म्हणावं लागतंय."

ताईनं पाइपचे दोन सारखे तुकडे नदीच्या पाण्याच्या बादलीत सोडले. बाहेरून वीज द्यायची नाही. लोखंड गंजताना दोन तुकड्यांमधला विजेचा दाब आपोआप किंचित थरथरतो आणि यंत्राचं पेन ती थरथर कागदावर काढतं. ती रेघ मग मोठ्या पट्टीनं मोजायची, नंतर लहान लहान पट्ट्यांनी.

"नदीचा काठ दोरीनं मोजला तर कमी भरतो, वितीनं मोजला तर जास्त," ताईनं समजावलं. "तो किती वाढतो त्यावरून रेघेचा खडबडीतपणा कळतो. गंज सगळीकडे सारखा पसरतोय की भोकं पाडतोय, याचा अंदाज त्यावरून येतो."

आम्ही जेवून आलो तर पेन उसळ्या मारत होतं. "ही तर भोकं पडत असल्याची खूण," ताई म्हणाली. चंपतराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ताईला बादलीत खोबऱ्याचा तुकडा तरंगताना दिसला.

"यात काय पडलंय?"

"नारळाचं पाणी," चंपतरावांच्या बायको गंगाबाई म्हणाल्या. "नवं मशीन हाय. इंजिन आलं तवाबी फोडला व्हता."

"इंजिनाच्या पोटात वतला व्हता का?" चंपतराव तडकले. "आन् खोबरं कुटाय?"

"ते तर पाव्हण्यांनी आत्ताच खाल्लं की."

पाव्हणा म्हणजे मीच. चटणीबरोबर छान लागलं होतं.

नवी बादली आली, ताजं पाणी आलं, तुकडे नवे कापले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेन बारीक, शांत थरथरत राहिलं. ताईनं सगळ्या पट्ट्या दोनदा लावून बघितल्या.

"पाइप चांगला आहे. सांधे तेवढे जोडून घ्या."

चंपतराव खाली बसले. "म्हंजी मुकादमाला न्हाई म्हणू?"

"मी पाइपचं सांगितलं. मुकादमाचं तुम्ही ठरवा."

"आवं, ठरलं की," गंगाबाई म्हणाल्या.

परतताना खोकी तेवढीच जड होती, पण आम्ही दोघं मानवत रोडपर्यंत गप्पा मारत आलो. त्या प्रवासातलं गणित मी केव्हाच विसरलो.

दसऱ्यानंतर औरंगाबादच्या रस्त्यानं ऊसतोडीचे ट्रक जाऊ लागले, भांडी, लेकरं, कोंबड्या लादलेले. ताईच्या दारात उभं राहून आम्ही ते बघत होतो.

"यंदा हुरड्याला चंपतरावांकडे जाऊ," ताई म्हणाली. "घरीच असतील."