तिसऱ्या मजल्यावरचं तापमान

एकच लिफ्ट आणि आठ बिऱ्हाडं असली की किस्से साठवावे लागत नाहीत. खिडकीच्या जाळीवर धूळ बसते तसे ते बसतात, आणि पुसायला गेलं की हाताला लागतात.

परवा असाच एक हाताला लागला. आमच्या चेन्नईतल्या अड्यारच्या बिल्डिंगमध्ये मी खाली लिफ्टची वाट बघत उभी. वरून तिसऱ्या मजल्यावरच्या कमलाक्का मोबाइलवर बहिणीशी तमिळमध्ये बोलत येत होत्या. जाळीच्या दारातून शब्द आधी पोचले, बाई नंतर. "आमच्या समोरच्या घरातून बाईला नाशिकला परत धाडतायत. मूल होत नाही ना! डॉक्टरने सांगितलं म्हणे की..."

लिफ्ट थांबली. मी दिसले. कमलाक्कांना एकदम कोथिंबीर आणायचं आठवलं.

कमलाक्कांच्या समोरचं घर म्हणजे निखिलचं. निखिल सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याची बायको सायली. आणि नातवंड कधी, हे विचारायला नाशिकहून आलेल्या, उत्तर मिळेपर्यंत राहिलेल्या सासूबाई. सायलीचं माहेरही नाशिकचंच. तेव्हा परत धाडायची बाई कोण, हे कुणी कुणाला विचारायची गरजच नव्हती.

त्या पोरीचं सगळं वर्ष मी जवळून बघितलं होतं. जरा जास्तच जवळून, असं आमचे हे म्हणतात.

* * *

सुरुवात थर्मामीटरने झाली. एकदा मी सकाळी विरजण मागायला गेले, तर सायली अंथरुणात, तोंडात थर्मामीटर. मला वाटलं ताप आलाय. धावत येऊन मिऱ्याचं रसम केलं, वाटी घेऊन परत गेले. तोवर ती हसत उठून बसलेली.

"काकू, ताप नाही. बीज कधी सुटतं ते कळायला रोज बघायचं. जागं झाल्यावर, उठायच्या आधी. बीज सुटलं की अंग थोडं गरम होतं."

"थोडं म्हणजे किती?"

"अर्धी डिग्री. त्याहून कमीच."

"अगं, तेवढा फरक चेन्नईत पंखा बंद केला की पडतो!"

सासूबाईंना हे मोजमाप पसंत नव्हतं, पण नातवंड हवं होतं. म्हणून त्या मदत करायला लागल्या. सुनेने रिकाम्या पोटी काच चावू नये म्हणून आधी कढत चहा पाजायच्या, मग थर्मामीटर हातात द्यायच्या. आठवडाभर सायलीचा आकडा असा, की माणसाला सरळ दवाखान्यात भरती करावं.

* * *

कमलाक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर आले ते अजून परत गेलेले नाहीत. बोलणं जुन्या वळणाचं, 'कशाला'च्या जागी 'कसाला', आणि मध्येच तमिळ. गच्चीवर वडाम, म्हणजे इथल्या तांदळाच्या कुरडया, वाळत घालताना त्यांना हे थर्मामीटरचं शास्त्र मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बीज सुटल्यावर अंग तापतं?"

"हो."

"मग सुटल्यावर कळून काय करायचं? बस गेली आणि मग कंडक्टरने शिट्टी मारली. कसाला?"

मी हे सायलीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, म्हणूनच काही महिने बघायचं, आपली बस साधारण कधी येते ते कळतं. शिवाय आधी अंगावरचा स्राव बदलतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, तार सुटेल असा होतो. तीच खरी खूण.

हे मी कमलाक्कांना सांगितलं. शुद्ध शाकाहारी बाई. त्यांनी त्या दिवशी जेवणच सोडलं.

* * *

निखिल या आकड्यांचा आलेख ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढायचा. दोन आठवडे खाली खाली, मग एक उडी. एकदा मागे त्याचा साहेब येऊन उभा राहिला. साहेबाला वाटलं, कामाचाच आलेख. बराच वेळ बघून त्याने निखिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुड. आता ही वाढ पुढचे नऊ महिने टिकव."

हे निखिलनेच आम्हाला सांगितलं. स्वतः हसला. सायली हसली नाही. ती म्हणाली, "आलेख याचा, तोंड माझं."

* * *

मग मेडिकलमधून पट्ट्या आल्या. लघवीत बुडवायची, दोन रेघा सारख्या ठळक उमटल्या की बीज एक-दोन दिवसांत सुटणार. म्हणजे बस यायच्या आधीची शिट्टी. पण सायलीला मागायची लाज. दुकानदार ओळखीचा. मी म्हटलं, मी आणते, मला काय कुणाची भीती.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. माझ्या पिकल्या भांगाकडे बघितलं. पट्ट्या पेपरात गुंडाळल्या, पेपर काळ्या पिशवीत घातला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ऑल द बेस्ट, अम्मा."

* * *

पहिल्यांदा दोन रेघा आल्या त्या भरदुपारी. सायलीने फोन केला, निखिल अर्धी रजा टाकून सिरुसेरीहून घामाघूम होऊन आला. दारात सासूबाई. त्यांनी कमलाक्कांकडून तारखेचं पान फाडायचं तमिळ कॅलेंडर मागून आणलं होतं, आणि त्यात राहुकाळ चालू होता.

"थांब. शुभकार्य आहे."

निखिल हॉलमध्ये सोफ्यावर बसला. सायली आत. कमलाक्का घड्याळ बघायला, मी कमलाक्कांना सोबत. राहुकाळ संपतो न संपतो तोच परदेशातल्या ग्राहकाचा फोन आला, आणि निखिल बूट घालून परत गेला.

सासूबाई म्हणाल्या, "बघा, योगच नव्हता."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

* * *

वर्ष झालं तेव्हा सायलीने डॉक्टरीणबाई गाठल्या. बरोबर निखिल, सासूबाई, आणि कुणी बोलावलं नसताना मी. बाईंनी आलेख बघितले, सोनोग्राफी झालेलीच होती.

"हिचं बीज दर महिन्याला नीट सुटतंय. काही दोष नाही. आता यांची तपासणी करू."

"कुणाची?" सासूबाई म्हणाल्या.

"नवऱ्याची."

"त्याला काय झालंय? दहावीला मेरिटमध्ये आला होता."

"हा पेपर वेगळा असतो."

निखिल भिंतीवरच्या गर्भाच्या चित्राकडे बघत राहिला. घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. त्यांच्या घराण्यात पुरुषांच्या असल्या तपासण्या होत नाहीत, सुनेला चार महिने नाशिकला पाठवायचं, वैद्याचं औषध द्यायचं. दार उघडं होतं, त्यामुळे हे मी आणि कमलाक्का दोघींनी ऐकलं. सायलीचा आवाज बारीक होता, पण पोचला.

"मी वर्षभर रोज तोंड उघडलं. तू एकदा तपासणीची बाटली घेऊन जा. नाहीतर मीच जाते नाशिकला, आणि मग बोलवू नकोस."

निखिल काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, कारण सासूबाईंनी दार लावलं. लिफ्टमधली बातमी ती हीच, दाराच्या अलीकडची.

* * *

रविवारी सकाळी खाली ऑटो उभी राहिली. सगळी बिल्डिंग बाल्कनीत. मी आणि कमलाक्का पायऱ्यांवर, सायलीला निरोप द्यायला. मी तर डोळ्याला पदर लावून तयारच होते.

लिफ्टमधून आधी ट्रंक आली, मग लोणच्याची बरणी, मग निखिल, आणि शेवटी सासूबाई. कुणाकडे न बघता ऑटोत बसल्या आणि बरणी मांडीवर घेतली.

मी निखिलला बाजूला घेतलं. "अरे, अशा अचानक?"

तो कानापर्यंत लाल झाला. "उद्या माझी तपासणी आहे, काकू. नमुना घरूनच न्यायचाय. आई हॉलमध्ये बसलेली असताना ते..." तो आईला स्टेशनवर सोडायला ऑटोत शिरला.

ऑटो गेली. कमलाक्का माझ्याकडे वळल्या.

"बाई नाशिकला, म्हटलेलं ना मी?"